ब्रेन ट्यूमरचा आयएचसी रिपोर्ट कसा वाचायचा : टक्का शेवटी, आयडीएच आधी

आयएचसी, म्हणजे ट्यूमरच्या तुकड्यावर अँटीबॉडी लावून पेशीतली प्रोटीन शोधायची तपासणी. तिचा रिपोर्ट हातात आला की घरातले सगळे आधी केआय-६७ ची, म्हणजे किती पेशी विभागताहेत ते सांगणारी, ओळ शोधतात. तिच्यापुढे टक्का असतो ना, म्हणून. गोव्यात डिचोली, वाळपई, पेडणे, कुठून कुठून मला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो येतात आणि बहुतेकांत त्याच ओळीभोवती पेनाने गोल केलेला असतो. खाली प्रश्न ठरलेला : "ताई, ३० टक्के म्हणजे किती वाईट?" माझं उत्तरही ठरलेलं. ती ओळ सध्या सोडा. आयडीएचपुढे काय लिहिलंय ते आधी सांगा.

मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ब्लॉक कापणं, सेक्शन स्लाइडवर घेणं, स्टेन करणं हे माझं काम. निदान लिहायचं काम पॅथॉलॉजिस्टचं आणि उपचार ठरवायचं डॉक्टरांचं, त्यात मी पडत नाही. पण रिपोर्टमधली कुठली ओळ कशासाठी असते हे कळलं तर ओपीडीतल्या त्या पाच मिनिटांत नेमका प्रश्न विचारता येतो, तेवढ्यासाठी हे लिहिते आहे. रिपोर्टात ही नावं इंग्रजी अक्षरांत असतात. मी उच्चाराप्रमाणे लिहिते, तुम्ही ताडून बघा.

आधी हे रंग कुठून येतात ते पाहू. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडतो, मग मेणात बसवून त्याचा ब्लॉक होतो. हा ब्लॉक बर्फावर गार करून मी मायक्रोटोमवर लावते आणि तीन-चार मायक्रॉन जाडीचे सेक्शन काढते. एकामागून एक चिकटलेली मेणाची रिबन निघते. ती कोमट पाण्यावर तरंगत सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालून स्लाइड घालून अलगद उचलायची. मग एका स्लाइडवर एक अँटीबॉडी. ज्या प्रोटीनसाठी ती अँटीबॉडी बनवली आहे ते प्रोटीन पेशीत असेल तर तिथे तपकिरी रंग चढतो, नसेल तर पेशीचं केंद्रक नुसतं निळं राहतं. रिपोर्टात आठ मार्कर असतील तर अशा आठ स्लाइड झालेल्या असतात. पॉझिटिव्ह म्हणजे तपकिरी आणि निगेटिव्ह म्हणजे निळं, एवढाच त्या शब्दांचा अर्थ.

कोविडपासून पॉझिटिव्ह हा शब्द ऐकला की माणसं घाबरतात. इथे ते डोक्यातून काढून टाका. काही मार्कर पॉझिटिव्ह आले तर बातमी त्यातल्या त्यात बरी असते, काही निगेटिव्ह आले तर.

आयडीएच

मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या ग्लायोमाचं (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या ट्यूमरचं) अर्धं भवितव्य या ओळीत असतं असं म्हटलं तरी चालेल. आयडीएच हे पेशीतलं रोजचं काम करणारं एक एन्झाइम आहे. काही ट्यूमरमध्ये त्याच्या १३२ व्या जागेवरचं आर्जिनिन जाऊन तिथे हिस्टिडिन बसतं. म्हणून रिपोर्टात आयडीएच१ आर१३२एच असं लांबलचक नाव असतं. ग्लायोमामध्ये हा बदल होतो हे २००८ मध्ये कळलं, आणि तेव्हापासून ग्लायोमाची सगळी मांडणीच बदलली. हा बदल असलेले ट्यूमर सहसा सावकाश वाढतात आणि पेशंटला जास्त वर्षं मिळतात. म्हणजे इथे पॉझिटिव्ह आलं तर आधी सुस्कारा सोडा, मग पुढे वाचा.

निगेटिव्ह आलं तर मात्र लगेच खचू नका, कारण इथे एक पेच आहे. ही अँटीबॉडी फक्त त्या एकाच बदलाला ओळखते. आयडीएचमध्ये बदल झालेल्या ग्लायोमांपैकी साधारण ९० टक्क्यांत हाच बदल असतो. उरलेल्यांत आयडीएच१ चे दुसरे बदल असतात किंवा आयडीएच२ चे. त्यांच्यावर ही अँटीबॉडी रंग देत नाही. स्लाइड निळी राहते आणि रिपोर्टात निगेटिव्ह लागतं. पेशंटचं वय ५५ च्या वर आहे, स्लाइडवर सरळ ग्लायोब्लास्टोमा (सगळ्यांत आक्रमक ग्लायोमा) दिसतोय, आधी कधी लो-ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणारा, ट्यूमर नव्हता, तर सहसा पुढची तपासणी लागत नाही. पण समजा पेशंट ३८ वर्षांचा आहे, फिट आली म्हणून स्कॅन केला आणि गाठ सापडली. अशा वेळी नुसत्या निगेटिव्ह स्टेनवर थांबायचं नसतं. डॉक्टरांना विचारा : "आयडीएचचं सिक्वेन्सिंग करायचंय का?" सिक्वेन्सिंग म्हणजे जीन अक्षर न् अक्षर वाचणं. आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह आणि आयडीएच वाइल्डटाइप (म्हणजे आयडीएचमध्ये कुठलाच बदल नाही) या दोन गोष्टी वेगळ्या. पहिली स्टेन सांगतो, दुसरी सिक्वेन्सिंग झाल्यावर किंवा वय आणि स्लाइड दोन्ही बघून ठरते.

एटीआरएक्स आणि पी५३

एटीआरएक्सचा हिशेब उलटा. हे प्रोटीन निरोगी पेशीच्या केंद्रकात असतंच, म्हणजे तपकिरी हे नॉर्मल. ट्यूमरमध्ये त्याचं जीन बिघडलं की रंग जातो आणि रिपोर्टात लॉस्ट लिहिलं जातं. रंग टिकून असेल तर रिटेन्ड.

ही स्लाइड तयार झाली की पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायच्या आधी मी ती मायक्रोस्कोपखाली धरते. तेव्हा आधी ट्यूमर बघत नाही, रक्तवाहिनी शोधते. तिच्या आतल्या अस्तराच्या चपट्या पेशी ट्यूमरच्या नसतात, त्यांचं एटीआरएक्स शाबूत असतं, म्हणून त्यांची केंद्रकं तपकिरी दिसायलाच हवीत. त्या तपकिरी आणि भोवतालच्या ट्यूमरच्या पेशी निळ्या असतील तर लॉस खरा. रक्तवाहिनीसुद्धा निळीच असेल तर ट्यूमरचा काही संबंध नाही, स्टेन फसलाय. स्लाइड परत लावायची. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला, किंवा डबी लहान आणि फॉर्मॅलिन कमी, की असले घोळ होतात. एकदा बाहेरच्या एका नर्सिंग होममधून तुकडा नुसत्या सलाइनमध्ये आला होता, तोही रात्र काढून. त्यातून धड एकही स्टेन निघाला नाही. म्हणून ऑपरेशन खासगीत असेल आणि सॅम्पल घरच्यांच्याच हातात देणार असतील तर एकच विचारा : "फॉर्मॅलिन आहे ना? तुकड्याच्या दहापट तरी?" सिस्टरला राग येईल, येऊ दे.

आयडीएच पॉझिटिव्ह आणि एटीआरएक्स लॉस्ट असेल तर ट्यूमर ॲस्ट्रोसायटोमा या प्रकारच्या ग्लायोमाच्या बाजूचा. पी५३ ही त्याच बाजूची साक्ष देतं : दहा टक्क्यांहून जास्त पेशींत गडद रंग आला तर टीपी५३ जीनमध्ये बदल असावा असं धरतात. आयडीएच पॉझिटिव्ह पण एटीआरएक्स रिटेन्ड, पी५३ फिकट, अशी जोडी आली तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या दुसऱ्या प्रकाराची (थोडक्यात ऑलिगो) शंका येते, आणि ती स्टेनवर मिटत नाही. त्यासाठी १पी/१९क्यू ची तपासणी, बहुतेक ठिकाणी फिश पद्धतीने, म्हणजे क्रोमोसोमचे तुकडे चमकत्या रंगाने शोधून. क्रोमोसोम १ आणि १९ चे ते दोन्ही भाग गेलेले असतील तरच ऑलिगो म्हणायचं. ही माहिती कोरडी वाटेल, पण औषधाला आणि रेडिएशनला ऑलिगो सहसा चांगली दाद देतो, म्हणून नाव नक्की करण्यात गेलेले आठ-दहा दिवस फुकट गेले असं समजू नका.

ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे

"चौथी स्टेज सांगितलीय" असं फोनवर कोणी म्हणालं की मी विचारते, स्टेज की ग्रेड? स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरला स्टेज असते, तो शरीरात कुठवर पसरला यावरून. ग्लायोमा मेंदूबाहेर क्वचितच जातो, त्याला ग्रेड देतात, १ ते ४. पेशी किती बिघडल्यात आणि असा ट्यूमर पुढे कसा वागतो त्यावरून.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं वर्गीकरण सध्या चालतं. त्यात ग्रेड साध्या आकड्यांत लिहितात. जुन्या रिपोर्टात रोमन आकडे दिसतील, ॲनाप्लास्टिक ॲस्ट्रोसायटोमा असं नाव दिसेल, किंवा ग्लायोब्लास्टोमा आयडीएच-म्युटंट (म्युटंट म्हणजे बदल असलेला). ही नावं २०२१ मध्ये काढून टाकली. आता आयडीएच-म्युटंट असेल आणि ऑलिगो नसेल तर तो ॲस्ट्रोसायटोमाच, ग्रेड २, ३ किंवा ४. ग्लायोब्लास्टोमा हे नाव फक्त आयडीएच-वाइल्डटाइपला. २०१९ चा रिपोर्ट आणि आताचा रिपोर्ट शेजारी ठेवून "पहिल्यांदा वेगळा आजार सांगितला होता" म्हणून भांडायला जाऊ नका. बऱ्याचदा फक्त नाव बदललेलं असतं.

पूर्वी ग्रेड फक्त डोळ्यांनी ठरायची : पेशी किती विभागताहेत, नव्या रक्तवाहिन्यांचे गुच्छ झालेत का, मध्येच पेशी मेल्यात का. आता त्यावर जीनचा निकाल चढतो. आयडीएच-म्युटंट ॲस्ट्रोसायटोमा स्लाइडवर कितीही शांत दिसो, त्यात सीडीकेएन२ए/बी या जीनच्या दोन्ही प्रती गेलेल्या असतील तर ग्रेड ४. त्याची चाहूल स्टेनवर घेण्यासाठी काही ठिकाणी एमटॅप लावतात. हे जीन सीडीकेएन२ए च्या शेजारीच बसतं, त्यामुळे बहुधा दोन्ही एकदम जातात. एमटॅप लॉस्ट आलं तर पुढची तपासणी सांगितली जाईल, सांगितली नाही तर विचारा.

आयडीएच-वाइल्डटाइपमध्ये तर याहून चकवा. मोठ्या माणसाच्या ट्यूमरमध्ये टर्ट प्रमोटरचा (टर्ट जीन चालू करणाऱ्या भागाचा) बदल, ईजीएफआर जीनच्या वाढलेल्या प्रती, किंवा सातवं क्रोमोसोम वाढून दहावं गेलेलं, यांपैकी एक जरी सापडलं तरी तो ग्लायोब्लास्टोमा ग्रेड ४, स्लाइडवर लो-ग्रेड दिसत असला तरी. यातलं काहीही साध्या तपकिरी-निळ्यात पक्कं होत नाही. म्हणून रिपोर्टाखाली मॉलिक्युलर पेंडिंग (जीनच्या तपासण्या बाकी) लिहिलेलं असेल तर हातातला कागद अपुरा आहे असं समजा आणि त्यावरून कोणालाही काही कळवू नका. मुंबईच्या मामाला तर नकोच.

लहान मुलांचं आणि तरुणांचं थोडं वेगळं. गाठ मेंदूच्या मधल्या रेषेत असेल, थॅलॅमस, ब्रेनस्टेम किंवा मणक्यातला मज्जारज्जू, तर एच३ के२७एम ही ओळ शोधा. ही पॉझिटिव्ह असेल तर ग्रेड ४, आणि इथे पॉझिटिव्ह म्हणजे खरोखरच वाईट. तिच्या जोडीला एच३के२७एमई३ लॉस्ट येतं. तीनेक वर्षांच्या आतल्या मुलात आयएनआय१ लॉस्ट आलं तर तोही फार आक्रमक ट्यूमर निघू शकतो. उलट मेड्युलोब्लास्टोमामध्ये (लहान मेंदूच्या ट्यूमरमध्ये) बीटा-कॅटेनिनचा रंग केंद्रकात दिसला तर तो डब्ल्यूएनटी गटाचा, आणि मुलांमध्ये हाच गट सगळ्यांत चांगला बरा होतो. मुलांचा रिपोर्ट मात्र फोनवर कोणाकडून समजून घेऊ नका, माझ्याकडूनही नको.

आता तो टक्का

केआय-६७ चं नाव जर्मनीतल्या कील गावावरून आलं. तिथल्या लॅबमध्ये १९८३ मध्ये ही अँटीबॉडी सापडली, प्लेटमधल्या ६७ व्या खाचेत. काही रिपोर्टांत तीच गोष्ट एमआयबी-१ म्हणून येते. पेशी विभागणीच्या कामाला लागलेली असेल तर हे प्रोटीन असतं, स्वस्थ बसलेली असेल तर नसतं. शंभर पेशींत तपकिरी किती, तो टक्का.

आता म्हापशाचा शुक्रवारचा बाजार डोळ्यांपुढे आणा. मासळीच्या बाजूला उभं राहून गर्दी मोजलीत तर एक आकडा येईल, मातीच्या भांड्यांच्या कोपऱ्यात मोजलीत तर दुसरा, आणि दोन्ही खरे. ट्यूमरही सगळीकडे सारखा नसतो. काही पॅथॉलॉजिस्ट सगळ्यांत दाट जागा शोधून तिथे मोजतात, काही सरासरी काढतात, काही नजरेने अंदाज देतात. एका लॅबचे १२ आणि दुसऱ्या लॅबचे २० यांत कोणी खोटं बोललेलं नसतं. म्हणूनच ग्लायोमाची ग्रेड ठरवताना केआय-६७ ला अमुक टक्क्याच्या पुढे अमुक ग्रेड अशी रेघ २०२१ च्या वर्गीकरणात नाही.

मेनिन्जिओमातही नाही. मेंदूवरच्या आवरणाचा हा ट्यूमर, बहुतेक वेळा ग्रेड १. तिथे विभागणाऱ्या पेशी मोजतात : मायक्रोस्कोपच्या मोठ्या भिंगाखालच्या दहा फील्डमध्ये ४ ते १९ असतील तर ग्रेड २, २० किंवा जास्त असतील तर ग्रेड ३. शिवाय टर्ट प्रमोटरचा बदल किंवा सीडीकेएन२ए/बी च्या दोन्ही प्रती गेलेल्या असल्या तरी ग्रेड ३.

मग केआय-६७ लावतात तरी कशाला? विसंगती पकडायला. सुईने घेतलेला इवलासा तुकडा ग्रेड २ दिसतोय आणि टक्का २५ आलाय, तर पॅथॉलॉजिस्ट थांबतो, आणखी सेक्शन कापायला सांगतो, एमआरआय परत बघायला लावतो. गाठीची वाईट जागा सुईला लागली नसेल अशी शंका येते. तुम्हीही तसाच वापर करा : ग्रेड आणि टक्का यांचा मेळ बसत नसेल तर डॉक्टरांना "हे कसं काय?" विचारायचं. टक्क्यावरून महिने मोजायचे नाहीत. आयडीएच-म्युटंट ट्यूमर जास्त टक्क्याचा असूनही आयडीएच-वाइल्डटाइपपेक्षा पेशंटला जास्त वेळ देऊ शकतो.

जीएफएपी, ऑलिग२, सिनॅप्टोफायसिन, ईएमए, एसएसटीआर२ए या ओळी ट्यूमर कुठल्या जातीच्या पेशीतून आला ते सांगतात, किती गंभीर ते नाही. नुसती नजर टाका आणि पुढे जा. अपवाद एकच : साइटोकेरॅटिन पॉझिटिव्ह आणि सोबत टीटीएफ-१ वगैरे दिसलं तर ट्यूमर मेंदूचा नसून फुप्फुसातून किंवा दुसरीकडून आलेला असू शकतो, आणि मग वर लिहिलेलं बरंचसं लागू होत नाही.

एमजीएमटी या जीनची ओळ बहुतेक वेळा वेगळ्या कागदावर येते. ती स्टेनने नाही, पीसीआरसारख्या तपासणीने करतात. मिथायलेटेड (म्हणजे ते जीन बंद पडलेलं) आलं तर टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांचा ग्लायोब्लास्टोमामध्ये जास्त उपयोग होण्याची शक्यता. तो औषधाचा अंदाज, ग्रेडशी त्याचा संबंध नाही.

रक्तातून कळत नाही का, हे हमखास विचारतात. लॅबवाल्यांच्या पॅकेजात ट्यूमर मार्कर म्हणून सीईए, सीए-१२५ असतात, त्यांचा ग्लायोमाशी काही संबंध नाही. ते पैसे वाचवा. खरंच उपयोग होतो तो ठरावीक ठिकाणी : जर्म सेल ट्यूमरची शंका असेल तर एएफपी आणि बीटा-एचसीजी, पिट्युटरीच्या गाठीत प्रोलॅक्टिनसारखे हार्मोन. बाकी निदानाला तुकडाच लागतो.

मुंबईला ब्लॉक नेताना

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात ऑपरेशन झालं काय किंवा खासगीत, आपल्याकडचे बरेचजण दुसरं मत घ्यायला परळला टाटाला जातात. तिथे नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. ब्लॉक लागतो, रंगवलेल्या स्लाइड लागतात, रिपोर्टची प्रत आणि एमआरआयची सीडी लागते. ब्लॉक मिळवायला पॅथॉलॉजीत पेशंटच्या नावाने अर्ज द्यावा लागतो, ओळखपत्र जोडावं लागतं. सकाळी लवकर या, कारण आम्हाला जुने ब्लॉक शोधून काढावे लागतात. आलेल्या ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच उभं राहून जुळवून बघा. एकाहून जास्त ब्लॉक असतील तर कुठल्या ब्लॉकमध्ये ट्यूमर जास्त आहे ते विचारून कागदावर लिहून घ्या.

कोऱ्या स्लाइड कापून दिल्या तरी चालतं का? चालतं, पण कोटेड (चिकट लेप दिलेल्या) स्लाइडवर कापायला सांगा, साध्यावरून स्टेनच्या वेळी सेक्शन निसटतो. आणि कापलेला सेक्शन जास्त दिवस पडून राहिला तर काही अँटीबॉडींचा रंग फिका येतो. ब्लॉक तसा नाही, तो वर्षानुवर्षं टिकतो. फक्त उष्णतेला जपायचं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर मेण मऊ पडेल. फ्रीजमध्येही नको. छोट्या डबीत कापूस घालून हातातल्या बॅगेत ठेवा, कोकणकन्येने जाणार असाल तर बर्थखालच्या ट्रंकेत नको, उशाला. दादरला उतरलात की परळ जवळच.

पैशांचं आधी विचारून घ्या. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड असेल तर त्यात ऑपरेशनबरोबर कुठल्या तपासण्या बसतात ते हॉस्पिटलच्या काउंटरवरच विचारा, सिक्वेन्सिंग आणि फिशचं नाव घेऊन वेगळं विचारा. बाहेर पाठवायच्या तपासण्या महाग पडतात, आणि सगळ्या सगळ्यांना लागत नाहीत. डॉक्टरांना सरळ म्हणा, "यातल्या कुठल्या तपासणीने उपचार बदलणार आहे? तीच आधी करू." बहुतेक डॉक्टर या प्रश्नाला नीट उत्तर देतात.

परत आल्यावर ब्लॉक घरच्या कपाटात ठेवू नका. जिथून घेतला तिथेच जमा करा आणि रजिस्टरमध्ये सही करून घ्या. पुढे गाठ पुन्हा आली किंवा एखादं नवीन औषध द्यायचं झालं, तर तपासणीसाठी त्याच जुन्या ब्लॉकची मागणी होते.